पायाळू माणसाच्या विजा

मुरली गेल्याचा फोन आला तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर खिडकीतून आभाळाकडं बघितलं. वैशाखातली दुपार होती, वर ढगाचा कपटासुद्धा नव्हता, आणि आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलेला मी, मुरलीवर वीज कुठून पडली असेल ते शोधत होतो. फोनवर मुक्ता वहिनी, म्हणजे मुरलीची बायको, सांगत होत्या की स्टुडिओत पासपोर्टचे फोटो कापता कापता खुर्चीतच मान टाकली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, डॉक्टर हृदयाचं म्हणाले. मी नुसता हो हो म्हणत होतो आणि डोळे वरच. त्याची लाज अजून जात नाही. पण जाफराबादेत हे माझ्या एकट्याचं झालं नाही. ज्याला कळलं त्यानं पहिला प्रश्न तोच केला, ‘काहून, ईज पडली का?’

मुरली पायाळू होता. जन्मताना डोक्याच्या आधी पाय बाहेर आले की ते पोर पायाळू, आणि आमच्याकडं असं धरून चालतात की अशा माणसाला वीज हुडकत येते. त्याची भरपाई म्हणून की काय, त्याच्या पायाला गुण असतो. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची हलकी लाथ घ्यायची, उसण जाते. मुरलीचं लहानपण या दोन गोष्टींत गेलं. सकाळी दारात वाकडी होऊन आलेली माणसं आणि आभाळ आलं की घरात कोंडणं. त्याची आई, जिला आम्ही सगळे जिजी म्हणतो, ती रानात गेलेली असली तरी फरक पडत नसे. ढग दिसला की गल्लीतलं कुणीही त्याला दंडाला धरून आत ढकली. गुरुजी त्याला वर्गातून घरी पाठवत आणि आम्ही बाकीचे त्याच्या सुट्टीवर जळत असू. जिजी घरी असली तर आतून कडी लावी, त्याला मांडीवर घेई आणि तळहातानं त्याचे डोळे झाकी. ती सवय त्याला अशी लागली की मोठेपणीसुद्धा चमकलं की त्याचे डोळे आपोआप मिटत. मी या सगळ्याची टवाळी करायचो, आणि वर्षातून दोनदा त्याच्यापुढं मुकाट पाठ करून उभा राह्यचो. लाथ घालण्याआधी तो न चुकता विचारी, ‘मास्तर, हे तुमच्या पुस्तकात कोणत्या पानावर आहे?’ उसण जायची. काय करणार...

पुढं त्यानं बाजारपेठेत स्टुडिओ टाकला. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो. अकरा-बारा वर्षांपूर्वी टेंभुर्णीच्या एका लग्नात मांडवाच्या रोषणाईचा फोटो घ्यायला त्यानं डिजिटल कॅमेरा तिपाईवर लावला होता, शटर बराच वेळ उघडं राहील असा. बटण दाबलं आणि तेवढ्यात वावटळीबरोबर कडाडलं. मुरलीनं सवयीप्रमाणे डोळे गच्च मिटले, कॅमेऱ्याचा उघडाच राहिला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्या शाळेत आला आणि कॅमेऱ्याच्या मागचा छोटा पडदा माझ्यापुढं धरला. पळणारी वऱ्हाडी मंडळी, उडालेली कनात, आणि वर आभाळभर फुटलेली वीज, अगदी बारीक बारीक फाट्यांसकट. ‘मास्तर, चाळिशी उलटली माही,’ तो म्हणाला, ‘आज पह्यल्यांदा ईज बघून राह्यलो.’ त्याला ती परत परत बघायची होती. घंटा झाली तरी तो व्हरांड्यात उभाच होता.

मग आमचं सुरू झालं. मृगाच्या आधीचे वळवाचे ढग आणि दसऱ्याच्या आसपासचे परतीचे, हे त्याचे दोन हंगाम. अजिंठ्याच्या डोंगराकडं आभाळ काळवंडलं की स्टुडिओला कुलूप लागायचं आणि माझा फोन वाजायचा. माझी मोटारसायकल, त्याची तिपाई, आणि पाऊस आलाच तर कॅमेऱ्यावर घालायला लग्नाच्या अल्बमची प्लास्टिकची पिशवी. गावाबाहेर एक मुरमाड माळ आहे, तिथून उत्तर दिशा सगळी उघडी दिसते. दिवस मावळला की काम सुरू. लांबच्या मोबाईल टॉवरच्या लाल दिव्यावर तो फोकस जुळवायचा, मग शटर वीस सेकंद उघडं, पुन्हा वीस सेकंद, पुन्हा... वीज दिसल्यावर बटण दाबून काही हाती लागत नाही, ती यायच्या आधीपासूनच वाट बघत राहावं लागतं. बहुतेक फोटो नुसत्या अंधाराचे निघायचे. आता लोक म्हणतात मुरली मोठा धीट. साफ खोटं आहे. तो भयंकर भ्यायचा. पहिल्या वर्षी सगळे फोटो हललेले आले, कारण बटण दाबताना बोट थरथरायचं. मग त्यानं लांब वायरीचं बटण मागवलं, म्हणजे थरथर कॅमेऱ्यापर्यंत जायला नको. एकदा तर दोन विजांच्या मध्ये बाजूला जाऊन ओकून आला आणि तोंड पुसून परत वायर हातात घेतली. मला मात्र तो जवळ उभं राहू द्यायचा नाही. शंभर पावलं लांब, नाल्याच्या खोलगटात बसवायचा. मी कुरकुर केली की म्हणायचा, ‘माह्यावर पडायची ती तुह्यावर काहून?’ त्याचा त्या गोष्टीवर पक्का विश्वास होता. हे मी इथं मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आमचं कडाक्याचं भांडण एकदाच झालं. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजायचं, तिसाच्या आत आवाज आला की गाशा गुंडाळायचा, हा नियम मी त्याला घालून दिला होता. त्या संध्याकाळी आकडा चारवर आला तरी हा हलेना. मी नाल्यातून ओरडून ओरडून घसा बसवला, शेवटी पळत गेलो आणि तिपाईच धरली. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तुझ्या मूर्खपणापायी एक दिवस जिजीपुढं मला उभं राहावं लागंल, असंही बोललो. मुरलीचे दात वाजत होते. तो म्हणाला, ‘मास्तर, ती मला जन्मापासून हुडकून राह्यली म्हणत्यात. एकदा मला बी तिच्याकडं नीट बघू दे.’ मी तिपाई सोडली आणि त्याच्याशेजारी उभा राहिलो. त्यानं मला ढकलून परत नाल्यात पाठवलं.

जिजीला यातलं काही कळू द्यायचं नाही, हा आमचा दोघांचा आणि मुक्ता वहिनींचा करार. चिखलाचे कपडे वहिनी परस्पर धुवायच्या. मुरली थाप मारायचा आणि साक्षीला मी. आज भोकरदनला हळद आहे, आज देऊळगावला साखरपुडा आहे. दुसऱ्या दिवशी जिजी मला विचारायची, हळद झाली का रे नीट, आणि मी मान डोलवायचो. एकदा तर न झालेल्या पंगतीतली बुंदी कशी पाकात बुडाली होती तेही रंगवून सांगितलं. सगळं आयुष्य ज्या बाईनं पोराला विजेपासून झाकून ठेवण्यात घातलं, तिच्याशी आम्ही अकरा वर्षं असं वागलो.

आणि मग मुरली गेला, भर उन्हात, खुर्चीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला जिजी एकच विचारायची, ‘त्या दिवशी आभाळ होतं का?’ लोक म्हणत, नव्हतं. ती पुढच्याला तेच विचारायची. म्हातारीचं डोकं फिरलं, असं लोक बाहेर येऊन बोलले. दुसरीकडं वहिनी म्हणत होत्या की विजेचा एक फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा. सगळ्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्याचा स्वतःचा एकही धड फोटो नव्हता. ‘त्यांचा फोटो म्हंजी ह्योच,’ वहिनी म्हणाल्या. मी कडाडून विरोध केला. जिजीला आता कळलं तर ती म्हणेल, विजेनंच नेला, आणि त्याला तिथं घेऊन जाणारा हा मास्तर. वहिनी एवढंच म्हणाल्या की भाऊजी, तुमाला जिजीची काळजी हाये का तुमची. त्यानंतर मला एका जागी बसवेना. जेवताना उठायचो, बाहेर येऊन उत्तरेकडं बघायचो, पुन्हा आत. मोटारसायकल काढायचो आणि चौकातून परत फिरायचो. बायको वैतागून म्हणाली, एक तर त्या घरी जा, न्हाईतर मला तरी माहेरी जाऊ द्या. मुरली जाऊन महिना होत आला तेव्हा एकदाचा गेलो.

जिजी ओसरीवर पाय पसरून डाळ निवडत होती. मी वहिनींकडून फोटोंचं पाकीट घेतलं, तिच्यापुढं बसलो आणि सगळं सांगून टाकलं. माळ, मोटारसायकल, थापा, बुंदीसुद्धा. तिनं हात पदराला पुसून एक फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

‘यात मुरली कुठंय?’

‘यात न्हाई, जिजी. तो कॅमेऱ्यामागं उभा होता.’

‘म्हंजी तो बघून राह्यल्ता,’ ती म्हणाली.

मग तिनं जे सांगितलं ते माझ्या कानांना पटायला वेळ लागला. मुरली पोटात होता तेव्हा ती आणि तिची थोरली जाऊ रानात होत्या. परतीचा पाऊस आला, जाऊ लिंबाखाली गेली, जिजी मागं राहिली, आणि लिंबावर वीज पडली. जाऊ जागीच गेली. पुढं मुरली झाला, चांगला डोक्याकडून, चार पोरांसारखा. पण जिजीला तर रोज रानात जावं लागणार, पोर गल्लीत राहणार, ढग आल्यावर त्याला आत घेणार कोण? तिनं सुईणीच्या हातापाया पडून तिला गावात सांगायला लावलं की पोरगं पायाळू आहे. ‘मंग सगळ्या गावानं राखलं त्याला,’ जिजी म्हणाली.

मला राग आला. मुलगा जाऊन महिना झालेल्या बाईवर येऊ नये, पण आला. मी म्हणालो, जिजी, त्याला तरी सांगायचं होतंस. लग्न झाल्यावर सांगू म्हणलं, ती म्हणाली, मग लेकरं झाल्यावर, मग वाटलं, भेतोय तोवर घरात तर राह्यतोय. आणि आता तिला वेगळंच खात होतं. नसलेली गोष्ट इतकी वर्षं बोलून आपणच वीज त्याच्या मागं लावली का... म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला आभाळाचं विचारत होती. मी तिचा हात धरून, वर्गात सांगतो तसं दोनदा सांगितलं की आभाळ कोरडं होतं, त्याचं हृदय बंद पडलं, विजेचा काही संबंध नाही. दुसऱ्या वेळेला तिनं मान डोलवली. मग विचारलं, ‘तिथं माळावर भेत होता का तो?’

इतकी वर्षं मी तिच्यापुढं इतकं खोटं बोललो होतो की अजून एक सहज खपलं असतं.

‘लई भ्यायचा, जिजी,’ मी म्हणालो. ‘दर बारीला.’

‘तरी जायचा?’

‘तरी जायचा.’

तिनं डाळीचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, मीबी त्या लिंबावर ईज पडल्यापासून रानात भेतच जात होते की. रडली नाही. पाकीट ओढून घेतलं आणि एकेक फोटो काढायला लागली. मुरलीनं प्रत्येक फोटोच्या मागं दिवस लिहून ठेवला होता, तो मी वाचायचा आणि कोणती थाप होती ते तिनं सांगायचं. तिला सगळ्या पाठ. ही भोकरदनची हळद. हा साखरपुडा. हळदीहून आलेल्या माणसाच्या अंगाला नुसता चिखल कसा काय, हे तेव्हाच मनात आल्तं म्हणाली. आत वहिनी रडता रडता हसल्या. जिजी त्यांना म्हणाली, भिंतीवर कोणता लावायचा तो लाव, फक्त मला इथून दिसंल असा लाव. आणि मला म्हणाली, तू पेपरात लिहितोस ना, मग लिही, माहं पोरगं पायाळू न्हव्हतं. लोकांच्या पाठी बऱ्या झाल्या त्या झाल्या.

शेवटचा फोटो राहिला. मुरली जाण्याच्या महिनाभर आधीचा, एका शनिवारचा. चांगली वीज मिळाली होती त्या दिवशी, डोंगरापासून निघून सबंध आभाळ ओलांडून गेलेली. मी म्हणालो, त्या शनिवारी त्यानं काय थाप मारली होती ते मला काही आठवत नाही.

जिजीनं तो फोटो हातातून खाली ठेवला नाही. ‘त्या दिवशी थाप न्हव्हती,’ ती म्हणाली. ‘आभाळ गच्च भरून आल्तं. मी दार लावून बसल्ते. तो आला, खांद्याला पिशवी. म्हणला, माय, येतो. कुठं चालला ते त्यानं सांगितलं न्हाई अन् मी इचारलं न्हाई. म्हणलं, ये बाबा.’

मग म्हणाली, ‘कडी मीच काढून दिली.’