प्रार्थनेपुरती बंद घंटा

वृद्धाश्रमात तिला सगळे मावशी म्हणत. तिच्या वडिलांच्या वयाचे म्हातारेसुद्धा. अंग पुसणं, चादरी बदलणं, कवळ्या धुऊन ज्याच्या त्याच्या वाटीत ठेवणं हे तिचं काम. कवळ्यांची अदलाबदल तिच्या हातून कधी झाली नाही, हा अभिमान ती उघड मिरवायची. धाकटी बहीण तिथेच स्वयंपाकघरात होती. मावशीनंच तिला चिकटवून दिलं होतं.

आश्रम डॉक्टरांचा. डॉक्टर चर्चमध्ये उपदेशही करायचे, आणि छान करायचे. ‘देव आधी, मग बाकी सगळं’ हे त्यांचं पालुपद. मावशीनं ते मनावर घेतलं होतं. सकाळी चहाच्या आधी प्रार्थना. नवऱ्याशी भांडायचं झालं तर तेही प्रार्थनेनंतर. नवरा म्हणायचा, “लवकर आमेन म्हण बाई, कामावर जायचंय, भांडण राहून जाईल.”

दर शुक्रवारी दुपारी आश्रमाच्या खालच्या दालनात प्रार्थना व्हायची. सगळ्या कामगारांनी बसायचंच. वरच्या खोल्यांतून किंवा न्हाणीघरातून कोणी दोरी ओढली की घंटा खाली वाजायची. गीत चालू असताना तिचा कर्कश आवाज डॉक्टरांना खपेना. त्यांनी प्रार्थनेपुरती घंटा बंद ठेवायला सुरुवात केली.

“वर कोणीतरी हवं, डॉक्टर,” मावशी म्हणाली. “मी थांबते.”

“देव आधी, मावशी. त्यांना तो बघतो.”

तीही खाली जाऊन बसली. देवाचं नाव निघाल्यावर पुढं काय बोलणार?

वर कोपऱ्यातल्या खोलीत मास्तर राहायचे. गुडघ्यांतून गेलेले, जिभेनं मात्र ठणठणीत. दाढी करताना मावशीच्या हातून जरा कापलं की म्हणायचे, “पास करतो तुला, पण काठावर.” एका शुक्रवारी ते न्हाणीघरात पडले. प्रार्थना आटपून मावशी वर आली तेव्हा घंटेची दोरी त्यांच्या मुठीत होती आणि आवाज पार बसला होता. “किती हाका मारल्या ग,” एवढंच म्हणाले. गाडी येईपर्यंत तिच्या मांडीवरच गेले.

डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. “त्यांच्या मुलीला सांगू, झोपेत गेले. तिलाही बरं वाटेल. एका चुकीपायी एवढ्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावरचं छप्पर काढायचं का?”

मुलगी आली. वडिलांच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ बसली. मग मावशीला म्हणाली, “शेवटी त्रास नाही ना झाला त्यांना?”

डॉक्टर प्रार्थनेसाठी डोळे मिटून उभे होते. मावशीला धाकटीची पोरं आठवली, नवऱ्याचा चेहरा आठवला. आणि तरी ती म्हणाली, “झाला.” मग सगळंच सांगितलं.

डॉक्टर चिडले नाहीत. उद्यापासून येऊ नका, म्हणाले. चर्चच्या मंडळीत मात्र हळूहळू पसरलं, की मावशीनंच हयगय केली आणि खापर डॉक्टरांच्या माथी फोडलं.

धाकटी घरी येऊन उंबऱ्यातच उभी राहिली. “खाल्ल्या घरचे वासे मोजलेस. आता मला रोज त्यांच्यासमोर मान खाली घालून उभं राहायचंय. बोलताना माझा विचार आला होता का मनात?”

“आला होता.”

“मग?”

मावशीकडे उत्तर होतं, पण ते डॉक्टरांचंच वाक्य होतं, ‘देव आधी’. ते तिच्या तोंडून निघेना. धाकटी गेली, ती पुन्हा आली नाही.

मास्तरांच्या मुलीनं तक्रार केली नाही. एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, “तुम्ही खरं बोललात, कळतं मला. पण डोळे मिटले की ते न्हाणीघर दिसतं. नसतं सांगितलंत तर बरं झालं असतं.” आणि भाजी न घेताच निघून गेली.

पुढं मावशी लोकांच्या घरी धुणंभांडी करू लागली. आश्रमात आता प्रार्थनेच्या वेळी वर एक बाई थांबते. हे तिला चर्चमध्ये डॉक्टरांच्याच उपदेशातून कळलं. “म्हाताऱ्यांची सेवा हीच उपासना, हे देवानं मला दाखवलं,” ते म्हणाले. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. धाकटीही.

“चल, ऊठ,” नवरा कुजबुजला. मावशी उठली नाही. उपासना संपल्यावर डॉक्टर दारात उभे राहून एकेकाचा हात हातात घेत होते. तिचाही घेतला. “कशा आहात, मावशी?”

“मास्तर वर हाका मारत होते, डॉक्टर,” ती म्हणाली, “आणि आपण खाली गात होतो.”

त्यांनी हात सोडला आणि मागच्या माणसाकडे हसून पाहिलं.

त्या दिवसापासून नवऱ्यानं चर्चला जाणं सोडलं. मावशी अजून जाते, एकटी. तिच्या बाकावर शेजारी सहसा कोणी बसत नाही.