टोप्या घालून ऐकलेलं गाणं

आमच्या कॅनडातल्या, मार्कहॅमच्या घरी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी बेसमेंटमध्ये गाण्याची बैठक असते. गाणारं कोणी नसतं, सगळे ऐकणारेच. दहा-बारा माणसं, बहुतेक निवृत्त, घरात घालायच्या चपला पिशवीतून आणणारी, आणि समोर कपाटाएवढे दोन स्पीकर. रेकॉर्ड लावायचा मान फक्त माझ्या नवऱ्याचा. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली तरी मी त्यांना 'अहो' म्हणते आणि इतरांशी बोलताना 'हे', तेव्हा इथेही 'हे'च म्हणेन. सवय मोडायचं आता वय नाही.

ह्यांना मतं फार. मोबाइलवरचं गाणं म्हणजे उसाचं चिपाड, रस कंपनीने आधीच काढून घेतलेला. बोललं की उत्तर देणारा एक स्पीकर लेकीने भेट दिला होता, तो दोन दिवसांत खोक्यासकट परत गेला. "घरात माझं सगळं ऐकणारी एक आहे, ती पुरे," म्हणाले. मी सगळं ऐकते असं त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मी स्वयंपाकघरात फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करते आणि गाणी लावते, आवाज झकास घुमतो. ते पाहिलं की कोणी चपला घालून देवघरात शिरावं तसा ह्यांचा चेहरा होतो.

इंटरनेटबद्दलही मत होतंच. "नळाचं पाणी विचारतं का, तुम्ही वरण शिजवणार की गाडी धुणार? मग इंटरनेटने का विचारावं? सिनेमाला मोकळा रस्ता आणि आजोबाच्या कॉलला गल्लीबोळ, हे चालणार नाही." बैठकीत चहाच्या वेळी हे भाषण व्हायचं आणि सगळे माना डोलवायचे. या देशात बर्फ आणि इंटरनेट कंपन्या या दोन विषयांवर कोणाचं कोणाशी भांडण होत नाही.

साधारण तीन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की माणसं बैठकीला टोप्या घालून बसू लागली आहेत. बाहेरून येताना घालतात त्या लोकरीच्या, कान झाकणाऱ्या टोप्या. कोट काढायचे, मफलर काढायचे, टोपी मात्र डोक्यावर. "बेसमेंट जरा थंड आहे," एकजण म्हणाला. झालं, ह्यांनी दुसऱ्याच दिवशी हीटर आणला. पुढच्या बैठकीत लोकांच्या कपाळावर घाम, पण टोप्या जागेवर. आमचे एक जुने स्नेही, हाडांचे डॉक्टर, ते तर पार मागे फर्नेसजवळ जाऊन बसायचे. म्हणायचे, गुडघ्यांना ऊब बरी वाटते.

खरं कारण ट्रेबल. ॲम्प्लिफायरची ती कळ, जिने आवाजातले वरचे, धारदार स्वर वाढतात, ती ह्यांनी हळूहळू शेवटापर्यंत फिरवली होती. गाण्यातला प्रत्येक 'स' सुईसारखा कानात जायचा. झांजा तर विचारूच नका. मी वर जिन्यात कानात कापूस घालून बसायचे. आणि हे खुर्चीत डोळे मिटून समाधानाने म्हणायचे, "आता कुठे जरा मोकळं वाटतंय."

कोणी एका शब्दाने बोललं नाही. ही आपल्या लोकांची भीड. ज्याच्या घरचे पोहे खाल्ले त्याला तुझं गाणं कानात टोचतं असं कसं सांगायचं? त्यातून ह्यांचा कान म्हणजे आमच्या मंडळीत शेवटचा शब्द. नवा स्पीकर घ्यायचा तर लोक ह्यांना दुकानात घेऊन जायचे. तरुणपणी ऑफिसमध्ये ह्यांचं बोलणं समजत नाही म्हणून साहेब लोक मान वाकडी करायचे. पण संध्याकाळी या खुर्चीत बसलं की हे राजे. तानसेन व्हायचं नशिबात नव्हतं, कानसेन तरी झालो, असं स्वतःच म्हणायचे.

मला कळलं ते एका बुधवारी. बेसमेंटमधल्या धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आली होती आणि तो मिनिटाला एकदा टीं करून ओरडत होता. मला वरच्या मजल्यावर ऐकू येत होतं. खाली गेले तर हे बरोब्बर त्याच्या खाली, टेबलाशी बसून शांतपणे लिहीत होते. सरकारने इंटरनेटच्या नियमांवर लोकांची मतं मागवली होती, त्यावर ह्यांची अकरा पानं चालली होती. टीं झालं. ह्यांनी पान उलटलं. पुन्हा टीं झालं. हे म्हणाले, "बघ गं, एवढं स्पेलिंग बरोबर आहे का?"

मी स्पेलिंग पाहिलं. मग स्टुलावर चढून बॅटरी काढली आणि जाळी पुसायला चढले होते असं सांगितलं. आयुष्यभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलं आहे मी, लोकांच्या हातात रिपोर्ट देताना कधी अडखळले नाही. घरातला हा एक रिपोर्ट मात्र मला देता आला नाही.

त्या अकरा पानांत एक परिच्छेद आमच्या नातीवर होता. लेक ब्रॉसार्डला असते, मॉन्ट्रियलच्या पलीकडे. आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल. नात तेव्हा साडेतीनची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. ह्यांना तिचं बोलणं पोचायचंच नाही. "काय? परत सांग, बाळा." मग माझ्याकडे वळून, "कंपनी वरचे स्वर कापून पाठवते. लहान मुलांचा आवाज सगळा वरच असतो, तोच नेमका खातात हे." दोनदा कंपनी बदलली. नवा राउटर आला. जिन्यावरून लांबलचक वायर टाकली, तिच्यात पाय अडकून मी दोनदा पडता पडता वाचले. सरकारला ह्यांनी लिहिलं की माझ्या नातीचा आवाज माझ्यापर्यंत अर्धाच येतो आणि याची चौकशी व्हावी. ते वाचून मला रडू आलं. आणि तोंडाने मी काय म्हटलं? "चोर आहेत मेले."

मुलं किती दिवस परत परत सांगतील? आधी ती मोठ्याने बोलायची. मग म्हणू लागली, "आजी, यू टेल हिम." मग नुसतं, "हाय आजोबा, बाय आजोबा, गिव्ह इट टु आजी." कॉल संपला की हे राउटरसमोर उकिडवे बसून दिवे मोजायचे, कुठला हिरवा, कुठला नारिंगी. एकुलती एक नात हातची निघून चालली होती आणि हा माणूस वायरी तपासत होता. मला ते दिसत होतं. तरी मी गप्प राहिले, आज सांगू उद्या सांगू करत.

या वर्षी मार्चच्या सुट्टीत नात आठवडाभर आमच्याकडे आली. सहा पूर्ण. त्याच सुमारास ह्यांनी निदान केलं होतं की आपल्या स्पीकरमधले वरचे स्वर काढणारे छोटे स्पीकर गेले. नवे मागवून बसवले, तरी फरक पडेना. मग तपासणीची एक जुनी सीडी काढली. तिच्यात गाणं नसतं, नुसते सूर. घुमणाऱ्या खर्जापासून सुरू होऊन वर वर जात शेवटी बारीक शिट्टी. मी नातीला घेऊन जिन्यात बसले होते, तिला आजोबांचा प्रयोग पाहायचा होता.

सूर वर चढत गेला. एका जागी हे थांबले, कान स्पीकरला लावला. "हे बघ. इथून पुढे मेलेला," म्हणाले आणि आवाज वाढवला. "शून्य. काही नाही." आणखी वाढवला. माझ्या दाढेत कळ गेली. नातीने दोन्ही हात कानांवर दाबले, डोळे घट्ट मिटले आणि शाळेतल्या फ्रेंचसकट तिच्या तिन्ही भाषांत ओरडली, "आजोबा, अरेत! स्टॉप इट! दुखतंय!"

तेवढं ह्यांना ऐकू आलं. वळून पाहिलं. तिच्या कानांवरचे हात पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. माझेही हात कानांवर होते. इंजिनिअर माणूस, समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी सीडी बंद केली, डबीत ठेवली, नातीपाशी येऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "सॉरी, बाळा. स्पीकर चांगला आहे." एवढंच.

दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून कान तपासायची वेळ घेतली. तिथल्या मुलीने ग्राफ समोर धरला. डावीकडे, खर्जाच्या बाजूला, रेघ सपाट; उजवीकडे, वरच्या स्वरांना, घसरगुंडी. ती समजावू लागली तर म्हणाले, "आय कॅन रीड इट." बाहेर गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "असा ग्राफ असलेला स्पीकर मी उभ्या जन्मात घरात आणला नसता."

"मी आणलाय," मी म्हटलं. "आणि परत द्यायचा नाहीये."

कानाची मशीनं आली, शेंगदाण्याएवढी. त्यांच्यावरही आठवडाभर भाषण झालं. जन्मभर दाबलेल्या आवाजाला शिव्या घातल्या आणि आता कानातच मोठे आवाज दाबून बारीक आवाज वाढवणारी मशीनं बसवली, वर ती मोबाइलला जोडायची. चिपाड चघळायची वेळ आली म्हणाले. पण काढली नाहीत. पहिल्या दिवशी फ्रिजचा आवाज, माझ्या बांगड्यांचा आवाज, स्वतःच्या वर्तमानपत्राचा आवाज. "एवढं वाजतं हे घर?" असं दर तासाला.

पुढच्या बैठकीत रेकॉर्ड लावली आणि दोन मिनिटांत ह्यांनी तोंड वाकडं केलं. उठले, ट्रेबलची कळ मध्यावर आणली. मग वळून समोर बसलेल्या अकरा टोप्यांकडे बराच वेळ पाहिलं. कोणी जमिनीकडे पाहिलं, कोणी छताकडे. "काढा आता," हे म्हणाले. डॉक्टरांनी पहिली काढली. त्या दिवशी पोह्यांवर जरा जास्तच बोलणं झालं.

लोक गेल्यावर मला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलायचं नव्हतं आता. धुराच्या अलार्मचं सांगितलं. त्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे ती साडेतीनची होती." मग म्हणाले, "तू माझा मान सांभाळलास आणि माझी नात घालवलीस." आवाज चढवला नाही. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते खरं होतं.

नात मात्र परत आली. मुलं उदार असतात. आजोबांना पहिल्या झटक्यात कळतं हे ध्यानात आल्यावर ती आता त्यांच्याशीच बोलते, शाळेतली भांडणं, पडलेला दात, सगळं. माझ्या वाट्याला "हाय आजी, बाय आजी." तिचं बोलणं आता अगदी स्वच्छ आहे. 'र' तर तिन्ही भाषांतला वेगवेगळा म्हणून दाखवते.

अशाच एका कॉलनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ह्यांनी विचारलं, "ती चार वर्षांची असताना बोलायची कशी गं?"

"कशी म्हणजे?"

"आवाज कसा होता? मी चाळीस वर्षं दिसेल ते रेकॉर्ड केलं. तिचा एक कॉल केला नाही. वाटलं, एवढी खराब क्वालिटी ठेवून काय करायचं. लाइन सुधारली की करू."

लेकीच्या फोनवर वाढदिवसांचे व्हिडिओ आहेत. त्यांत सगळी मोठी माणसं एकदम गातात आणि ती केक खाते. रोजचं बोलणं कुठेच नाही. ते फक्त माझ्या कानांत होतं. मी कप खाली ठेवला. एकोणसत्तर वर्षांची बाई मी, लाज वाटली, पण घसा साफ केला आणि तिच्यासारखं नाकातून म्हटलं, "आबोदा, माझ्या बूतात बल्फ गेला."

ह्यांनी चहा बाजूला सारला. कानामागची बारीक कळ दाबून आवाज वाढवला. "मग?"

"मग बूट काढून कॅमेऱ्यापुढे धरला, तुम्हाला दाखवायला."

"आणि मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, आज लाइन खराब आहे, आजीशी बोल."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "पुन्हा म्हण," म्हणाले. "या वेळी मी उत्तर देतो."

मी पुन्हा म्हटलं, आबोदा, माझ्या बूतात बल्फ गेला. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मग पाय गार पडले का गं, बाळा?"