सहा वीसला सुरू होणारी मोटर

सकाळचे आठ वाजले होते आणि आमच्या बिल्डिंगमधल्या बाराही घरांचे नळ कोरडे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या बर्वेबाई रिकामी बादली घेऊन जिन्यात उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "गजभिये मॅडम, तुमचं यंत्र आज रजेवर आहे का? अर्ज तरी दिलाय का त्याने?"

मी जिन्याखाली उतरले. जिन्याखालच्या भिंतीवर मी बसवलेला राखाडी डबा होता. त्याचा हिरवा दिवा व्यवस्थित लुकलुकत होता. खालची टाकी काठोकाठ भरलेली, वरची रिकामी. कॉर्पोरेशनचं पाणी येऊन खालची टाकी भरली की ते वर चढवणारी मोटर सुरू करायची आणि वरची टाकी भरली की बंद करायची, एवढंच त्या डब्याचं काम. तेवढंच त्याने केलं नव्हतं. आणि याच डब्याच्या जोरावर मी एका देशपातळीवरच्या स्पर्धेत उतरले होते. निकाल लागायचा होता.

मी स्टार्टरचं हिरवं बटण हाताने दाबलं. मोटर लगेच सुरू झाली. बर्वेबाई म्हणाल्या, "हे आम्हालाही येत होतं." आणि वर निघून गेल्या.

थोडं मागचं सांगते. मी मूळची वर्ध्याची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून पुण्यात नोकरीला आले आणि बिबवेवाडीत राहू लागले. आमची कंपनी शनिवार पेठेत होती, कंपनी म्हणजे एका जुन्या इमारतीतल्या तीन खोल्या. कारखान्यांना लागणारे काउंटर, टायमर, टाकीतल्या पाण्याची पातळी सांभाळणारे लेव्हल कंट्रोलर आम्ही बनवायचो. तीनपैकी एक खोली डिझाइनची. त्या खोलीत मी, एक ऑसिलोस्कोप आणि एक सोल्डरिंग आयर्न.

तेव्हा आयातीची दारं नुकतीच उघडली होती. माझ्याबरोबर शिकलेले एकेक जण सॉफ्टवेअरला चालले होते. आमचे मालक पटवर्धन साहेब तैवानचे कॅटलॉग चाळायला लागले होते. एक दिवस त्यांनी मला बोलावलं.

"हे बघा, असाच लेव्हल कंट्रोलर. तयार येतो. दिसायलाही बरा आहे. मग आपण डिझाइन कशाला करायचं?"

"सर, आपलं पाणी वेगळं, आपली वीज वेगळी..."

"हे भाषण गिऱ्हाईक ऐकत नाही."

त्याच आठवड्यात बंगलोरच्या एका चिप कंपनीने स्पर्धा जाहीर केली. त्यांचा मायक्रोकंट्रोलर वापरून रोजच्या उपयोगाची वस्तू बनवायची. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये मावलेला छोटा कॉम्प्युटर, सांगितलेलं एकच काम करत बसणारा. पहिलं बक्षीस होतं एमुलेटर. प्रोग्राम चालू असताना चिपच्या आत काय चाललंय ते या मशीनवर दिसतं. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. प्रोग्राम चिपमध्ये भरायचा, चालला नाही तर चिप अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली वीस मिनिटं ठेवून पुसायची आणि पुन्हा अंदाज बांधायचा. मला ते एमुलेटर हवं होतं. इतकं दुसरं काही तेव्हा हवं होतं असं आठवत नाही.

पटवर्धन साहेब म्हणाले, "भाग घ्या. बक्षीस आलं तर डिझाइनची खोली राहील. नाही आलं तर मी माल मागवतो. मंजूर?"

मी मंजूर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

स्पर्धेची एक अट होती. वस्तू महिनाभर प्रत्यक्ष वापरून त्याच्या नोंदी जोडायच्या. म्हणून मी डबा आमच्याच बिल्डिंगमध्ये बसवला. तोपर्यंत मोटरचं काम तळमजल्यावरचे मोहिते काका बघायचे. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसातून रिटायर झालेले, कामगारांच्या हजेरीच्या वेळा मांडण्यात आयुष्य गेलेलं. अकरा वर्षं रोज सकाळी मोटर त्यांनीच लावली होती. मी म्हटलं, "काका, आता तुम्ही आराम करा." ते डब्याकडे बघत म्हणाले, "करू की. त्याला जमलं तर."

नोंदी कशा ठेवायच्या यावर मी बराच विचार केला होता. डब्याने मोटरला हुकूम दिला एवढंच नोंदवलं तर तो डब्याचा स्वतःच्या तोंडचा दाखला झाला असता. मोटर खरंच फिरली का हे कळायला हवं. म्हणून मोटरच्या वायरभोवती मी एक छोटी कॉइल बसवली. वायरमधून करंट वाहिला की वेळ नोंदली जायची. या प्रामाणिकपणाचं मला फार कौतुक वाटलं होतं.

महिन्याने नोंदी उतरवून घेतल्या. तीसपैकी तीस दिवस मोटर चालली होती. पहिले नऊ दिवस सुरू व्हायची वेळ इकडेतिकडे होती, पाच चाळीस, सहा पाच, पाच पस्तीस. दहाव्या दिवशी सहा पन्नास. त्यानंतर रोज सहा वीस. बंद व्हायची सात वाजता. रोज. मी आनंदाने ग्राफ काढला. रिपोर्टमध्ये लिहिलं की सुरुवातीच्या नऊ दिवसांनंतर सिस्टिम सेटल झाली असून अत्यंत स्थिर चालते आहे. अडीच पानं त्या स्थिरतेवरच खर्च केली आणि पाकीट बंगलोरला पाठवून दिलं.

मग वाट बघणं सुरू झालं. पोस्टमन आला की मी खोलीतून बाहेर यायची. पटवर्धन साहेब म्हणायचे, "त्यालाच बक्षीस देऊन टाका, रोज दर्शन घेताय."

दोन महिने असे गेले, आणि मग ती कोरड्या नळांची सकाळ उजाडली.

मी ऑफिसला उशीर होईल असं कळवलं आणि खालच्या टाकीतल्या सळ्या बाहेर काढल्या. पाणी कुठपर्यंत आलं हे ओळखायला स्टीलच्या दोन सळ्या टाकीत सोडलेल्या असतात. पाणी त्यांना टेकलं की पाण्यातून किंचित करंट वाहतो आणि डब्याला कळतं. एका सळीवर पांढरट, कडक थर चढला होता. नखाने खरवडला तरी निघेना. बादलीत बुडवून बघितलं. डब्याच्या मते बादली कोरडी होती.

चूक तिथल्या तिथे कळली. मी सळ्यांना डीसी दिला होता, म्हणजे करंट सतत एकाच दिशेने. तसं केलं की पाण्यातले क्षार एका सळीवर जाऊन बसतात. करंटची दिशा भराभर उलटसुलट करत राहायला हवी, हे मी शिकलेले होते. पण ऑफिसच्या टेबलावर दोन दिवस डीसीवर छान चाललं, मुदत जवळ आली होती, आणि मी ते तसंच ठेवलं.

इथवर सगळं सरळ होतं. पण मग मला एक प्रश्न पडला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना. एवढा थर काही काल रात्रीत चढलेला नव्हता. मग कालपर्यंत मोटर कशी चालली? मी डब्याला केबल लावून नोंदी काढल्या. काल सहा वीस. परवा सहा वीस. जवळजवळ तीन महिने सहा वीस.

पाणी कधी घड्याळ बघून येतं का? खालची टाकी रोज एकाच मिनिटाला भरेल कशी? हा प्रश्न मला ग्राफ काढताना पडायला हवा होता.

मी तळमजल्यावर गेले. मोहिते काकांच्या दाराला कुलूप होतं. ते आदल्या दिवशी दुपारी मुलीकडे सोलापूरला गेले होते. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मी फोन लावला.

"काका, मोटर कोण लावत होतं?"

"का? बंद पडली?"

"काका, कोण लावत होतं?"

"मी. तुमचं यंत्र एक दिवस उठलंच नाही. मी पावणेसातपर्यंत वाट पाहिली, मग लावली. दुसऱ्या दिवशीही नाही उठलं. पाणी पाच-सहाच्या दरम्यान येतं. सहा वीसला टाकी भरलेली असतेच. चाळीस मिनिटांत वरची भरते. यात काय एवढं?"

"मला सांगायचं ना हो!"

"तुम्ही स्पर्धेसाठी एवढी धडपड करत होता. म्हटलं, नवीन आहे यंत्र, सांभाळून घेऊ. लोकांनी तुम्हाला नावं ठेवली असती. त्या बर्वेबाई तर टपलेल्याच असतात."

मी रागातच फोन ठेवला. त्या माणसाने माझी अब्रू राखायला जवळजवळ तीन महिने रोज सकाळी जिन्याखाली फेरी मारली होती, आणि मी त्याच्या वक्तशीरपणावर स्वतःच्या सर्किटचं नाव घालून तो बंगलोरला पाठवला होता.

सळ्या बदलणं, प्रोग्राम बदलणं हे दोन दिवसांचं काम होतं. ते केलं. पण पत्र लिहायला मला आणखी चार दिवस लागले. खरं सांगते, त्या चार दिवसांत मी न लिहिण्याची पुष्कळ कारणं शोधली. दोष तर आता दुरुस्त झालाच आहे. डिझाइनची कल्पना चांगलीच आहे. कोणाला कळणार आहे? पण झोपायला गेलं की तो सरळ रेषेचा ग्राफ डोळ्यांसमोर यायचा आणि लाज वाटायची.

शेवटी पटवर्धन साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसत ऐकलं.

"हे त्यांना कोण सांगणार आहे?"

"मीच सांगणार आहे."

"मग मला विचारायला आलात की कळवायला?"

"कळवायला, सर."

"लेटरहेड घ्या. सही तुमची करा. आणि खोलीबद्दल मी जे बोललोय ते बोललोय."

मी लिहिलं. दहाव्या दिवसापासूनच्या एकवीस नोंदी यंत्राच्या नसून एका माणसाच्या आहेत. कारण असं असं. दुरुस्ती अशी अशी. पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेलं. आठवड्याने पोचपावती आली, तीवर कोणाची तरी न वाचता येणारी सही. पुढे तीन आठवडे काही नाही. आता वाट बघण्यात मजा उरली नव्हती. फक्त त्यांना काय वाटलं असेल याचं कुतूहल होतं.

मग एक दिवस ऑफिसात बंगलोरहून फोन आला. परीक्षक समितीतले एक गृहस्थ होते. बोलणं इंग्रजीत झालं, इथे मराठीत देते. पटवर्धन साहेबांनी त्यांच्या टेबलावरचा जोडफोन उचलून कानाला लावला होता, तेही लपून वगैरे नाही.

"तुम्हाला बक्षीस नाही," ते म्हणाले. "निकालाचं पत्र येईलच."

"माझ्या पत्रामुळे?"

"छे. तुमची एंट्री पत्र यायच्या आधीच बाजूला काढली होती. पाणी असं मिनिटाच्या हिशेबात येत नाही, हे आम्हालाही कळतं."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "मग फोन कशासाठी केलात?"

"आमच्यात वाद चालू होता. दोघांचं म्हणणं, तुम्ही आकडे घरी बसून बनवले. मी म्हणत होतो, बनवले असते तर पहिल्या नऊ दिवसांचेही असेच सुबक बनवले असते. आणि तो दहावा दिवस, सहा पन्नास. तो कोणी बनवत नाही. तिथे कोणीतरी वाट बघत उभं होतं. तुमच्या पत्राने वाद मिटला. मला एवढंच विचारायचं होतं, कोण आहेत ते गृहस्थ?"

मी मोहिते काकांबद्दल सांगितलं. टाइम ऑफिस, अकरा वर्षं, सोलापूर, सगळं. ते मनापासून हसले. "त्यांना माझा नमस्कार सांगा," म्हणाले आणि फोन ठेवला.

पटवर्धन साहेबांनीही रिसीव्हर खाली ठेवला. मग तैवानचा कॅटलॉग पुढ्यात ओढला.

"डिझाइनची खोली बंद," ते म्हणाले.

"हो, सर."

"माल मागवतोय मी. पण तो इथल्या पाण्यात किती दिवस टिकतो हे मला विकायच्या आधी कळायला हवं. आणि जो तपासेल त्याने माल फसला तर तसं सांगायला हवं, निकाल यायच्या आधी. कराल?"

मी हो म्हणाले. वाईट वाटलं, ते लपवत नाही. नवं काही बनवायचं सोडून दुसऱ्यांनी बनवलेलं तपासत बसायचं, हे मला तेव्हा मानहानीसारखं वाटलं. दारावरची डिझाइनची पाटी मीच स्क्रूड्रायव्हरने काढली. एमुलेटर मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं ते आठ वर्षांनी, दुसऱ्याच कंपनीत, आणि तोवर ते जुनं झालं होतं.

पण टेस्टिंगमध्ये मी रमले. पुढची सगळी नोकरी त्यातच गेली. तैवानच्या पहिल्या सहा नमुन्यांपैकी दोन नमुने बादलीतल्या पाण्यात पंधरा दिवसांत आंधळे झाले, भरलेली बादली त्यांना कोरडी दिसायला लागली. तसं लेखी दिलं, आणि साहेबांनी ते परत पाठवले. नोंदींच्या तक्त्यात मी एक जादा रकाना घातला, 'कोणी केलं'. यंत्राने की माणसाने. सुरुवातीला सगळे हसायचे.

आताही कधीतरी जुन्या ऑफिसातले ज्युनिअर सल्ल्याला येतात. महिनाभराच्या ट्रायलचा रिपोर्ट पुढे करतात आणि म्हणतात, मॅडम, शंभर टक्के, एकही फेल्युअर नाही. मी रिपोर्ट उघडत नाही. आधी विचारते, जिथे बसवलंय तिथे शेजारी कोण राहतं?