अक्काला आणायला निघालेली मुलगी

ती मुलगी अजूनही अधूनमधून डोळ्यांसमोर येऊन बसते, तशीच, गुडघ्यांना मिठी मारून. नव्वदच्या दशकातला आषाढ होता, मी कोल्हापुरात फौजदार होतो. एसटी स्टँडवरच्या चहावाल्याने ठाण्यात येऊन वर्दी दिली, "सायेब, एक पोरगी सकाळधरनं फलाटावर बसलीया. च्या दिला तर घेत न्हाई, तोंडातनं शब्द काढत न्हाई की!"

नऊ-दहा वर्षांची असेल. स्टेशन डायरीला नोंद करून, महिला पोलीस सोबत देऊन तिला निरीक्षणगृहात ठेवलं. चौकशीत मराठीत विचारलं, कानडीत विचारलं, जरा दरडावलंही. पोलिसी खाक्याचं मुलांपुढे हसं होतं. ती आपली खिडकीबाहेर बघत राहिली.

मंगळवारी पुन्हा गेलो, तर ती अंगणात ओल्या मातीची बाई करून तिच्या अंगावर लाल गुंजा टोचत बसली होती. मला एकदम आई दिसली. आई कर्नाटक सीमेपलीकडची. आषाढातल्या मंगळवारी तिकडच्या मुली करतात तशी मातीची गुळ्ळव्वा ती आमच्या परसात एकटीच करायची. मी कुठे उभा आहे, तेच क्षणभर कळेना.

बूट काढून शेजारी बसलो आणि आईच्या कानडीत विचारलं, "गुळ्ळव्वा एकटीनं करतात व्हय गं?"

तिचे डोळे भरून आले. "अक्का पाहिजे मला."

मग सगळंच बाहेर आलं. थोरली बहीण लग्न होऊन गेली, ती माहेरी परतलीच नव्हती. घरचे म्हणायचे, तिला कोल्हापूरकडं दिलंय. सीमेच्या अलीकडे, महाराष्ट्रात दिलेली प्रत्येक लेक त्यांच्या गावाच्या लेखी 'कोल्हापूरकडं'च असते. धाकटी सरळ कोल्हापूरच्या गाडीत बसली. नावगाव सांगितलं तर अक्का न भेटताच परत धाडतील, म्हणून गप्प.

बिनतारी संदेश गेला आणि कर्नाटकचे फौजदार तिच्या बापाला घेऊन आले. अक्का होती कबनूरला, नवरा यंत्रमागावर कामाला. मानपानावरून व्याह्यांचं बिनसलेलं. बाप खाली बघत म्हणाला, "आमी जात न्हाई, ते धाडत न्हाईत."

बालकल्याण मंडळाचा आदेश स्पष्ट होता, मुलगी बापाच्या ताब्यात द्यायची. मुलगी निरीक्षणगृहाच्या दारातला खांब सोडेना. तेव्हा कर्नाटकचे फौजदार टोपी घालत मला म्हणाले, "साहेब, कबनूर वाटेतच आहे की." ते अजिबात वाटेत नव्हतं. तरी मी जीपमध्ये बसलो.

कबनूरला मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येईना. धाकटीला बघून अक्काने तिला दारातच उराशी धरलं. दोन राज्यांचे फौजदार बघून तिचा सासरा गडबडला. मी एवढंच म्हणालो, "आषाढाच्या मंगळवारांपुरतं तरी सुनेला माहेरी धाडा." तो मुलीच्या बापाकडे वळला. "पावणं, भाईर का हुबं? आत या, च्या घ्या." संध्याकाळी जीप सीमेकडे गेली तेव्हा मागच्या बाकावर दोघी बहिणी होत्या आणि अक्काच्या मांडीवर धाकटीची गुळ्ळव्वा.

तोवर मी सापडलेल्या मुलांना विचारायचो, कुठून पळून आलास? नंतर विचारू लागलो, कुणाकडं निघालायस? मुलं बोलू लागली.

पुढच्या मंगळवारी रजा टाकून मी आईला तिच्या माहेरी घेऊन गेलो. "इतक्या वर्षांनी मला तिथं कोण वळखतंय?" असं ती वाटभर म्हणत होती. वेशीवर एका म्हातारीने तिला लग्नाआधीच्या नावाने हाक मारली.