खुनी आधीच सांगणारे अप्पा

अप्पा गेल्याचं मला परभणीच्या बस स्टँडवर कळलं. सेलूचं एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. म्हणालं, "मास्तर, तुमाला कुणी सांगितलं न्हाई? अप्पा गेले की. मातीला लय लोक होते." लोक होते, मी नव्हतो... पिशवी बाकावर ठेवून मी तसाच बसून राहिलो.

मी मूळचा चिपळूणकडचा, सातवीत शाळा सुटलेला. शिलाईचं काम शोधत सेलूला आलो तेव्हा वैजनाथअप्पांनी आपल्या कापड दुकानाच्या ओट्यावर मशीन मांडू दिली. गाव, जात काही विचारलं नाही. "सिनेमा बघता का, मास्तर?" एवढंच. हो म्हटलं तर जागा जाईल या भीतीनं मी नाही म्हणालो. "मग बघायला लागा," म्हणाले.

अप्पांचा फिल्म क्लब होता. रेल्वे पार्सलनं फ्रान्सच्या, इटलीच्या सिनेमांचे डबे यायचे आणि शाळेच्या हॉलमध्ये पडदा लागायचा. मांजरपाटाच्या कापडाचे दोन पन्हे जोडून तो मीच शिवलेला. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं. चार वस्त्यांची माणसं एका सतरंजीवर बसायला बिचकत, पण अप्पांच्या खुनाच्या सिनेमाला बसायची. खालच्या इंग्रजी ओळी वाचणं जमायचं नाही, म्हणून अप्पा आधी उभं राहून सगळी गोष्ट सांगायचे. खुनी कोण, तेसुद्धा. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "शोधायची कटकट गेली. आता खून करून आल्यावर तो जेवतो कसा, ते बघा." सिनेमा बघणं मी असा शिकलो.

मग त्यांनी हट्टानं एक माहितीपट मागवला, तिकडच्याच कुठल्याशा दगडी इमारतीवरचा. त्या दिवशी ते गोष्ट सांगायला उभेच राहिले नाहीत. पडद्यावर भिंत, जिना, सरकणारं ऊन. बोलणं नाहीच. मागून आवाज आला, "अप्पा, यात खून कधी हाय?" दुसरा म्हणाला, "मुडदा भिंतीत असंल, दम धर की." हॉल हसला, मग हळूहळू उठला. एरवी कुणाला न दिसणारी माझी शिवण त्या पांढऱ्या भिंतीवर आरपार उठून दिसत होती.

शेवटी आम्ही दोघंच उरलो. पडद्याची घडी घालताना अप्पांनी विचारलं, "तुमाला काय दिसलं, मास्तर?"

"शिवण," मी म्हणालो. "पुढच्या वेळी बारीक घालतो."

"शिवण चांगली हाय," म्हणाले, आणि घडी माझ्या हातात दिली. पुढची वेळ आलीच नाही. वर्गणीदार गळाले, क्लब मोडला. अप्पांनी परत कधी विचारलं नाही, आणि आपण होऊन बोलायला माझी जीभ रेटली नाही...

सेलू सोडून मला बरीच वर्षं झालेली; परवा परत गेलो. दुकानाच्या आतल्या खोलीत तीन भिंतींना छतापर्यंत कपाटं, चौथी मोकळी. "हितं कपाट लावू द्यायचे न्हाईत," अप्पांचा मुलगा म्हणाला. "धंद्याची जागा. दुपार कलली की एकटेच बसायचे समोर. काय बघायचे, देव जाणे." तेवढ्यात झरोक्यातून ऊन भिंतीवर आलं. मी त्याला शेजारी बसवलं. म्हटलं, त्या सिनेमातलं ऊन जिना उतरताना मला माझी आई दिसली होती. पडवीत सूप घेऊन बसायची, आणि ऊन जवळ आलं की सूप न ठेवता तशीच मागं सरकायची.

"हे अप्पांना बोललात कदी?"

"नाही," मी म्हणालो. बाहेरून गिऱ्हाइकानं दोनदा हाक मारली. तो उठला नाही.