बाबांचा धीर आणि वाडीची पाळी

माझे वडील मिशनचे प्रचारक होते आणि धीर हा त्यांचा खास विषय होता. साठच्या दशकात मिशननं आम्हाला तारापूरच्या अलीकडे, मच्छीमारांच्या एका वाडीत ठेवलं होतं. वाडीत ख्रिस्ती घर एकच, आमचं; बाबांना सगळे मास्तर म्हणत. बाकीच्यांना प्रभूची ओळख नाही, तेव्हा त्यांच्याशी धीरानं वागायचं, हे बाबा आम्हाला उठता-बसता ऐकवत. शिमग्याचे ढोल सुरू झाले की ते ओट्यावर बसून हसत. दाढ दुखत असताना पाहुण्यांसमोर हसावं लागतं, तसं. दारासमोर कुणी बोंबील वाळत घातले तरी तेच हसू. कालवणात मीठ कमी पडलं की मात्र हा धीर कुठे जाई कोण जाणे. तो सगळा परधर्मीयांसाठी राखून ठेवलेला असे, घरच्यांच्या वाट्याला थेंबभरही येत नसे.

दर रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर उपासना होई. पहिली काही वर्षं ऐकायला आम्हीच. मग एका रविवारी वाडीतला एक मच्छीमार आला आणि मांडी घालून शेवटपर्यंत बसला. पुढच्या रविवारी दुसराच आला, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा.

बाबांचा आनंद गगनात मावेना. "बघ," ते आईला म्हणाले, "हे धीराचं फळ. दर आठवड्याला एक नवा आत्मा ओढला जातोय."

आई बांगडे साफ करत होती. "ओढला जातोय खरा," ती म्हणाली, "चेहऱ्यावर तसंच दिसतं."

आईची श्रद्धा कच्ची आहे, असं बाबांचं मत होतं. त्यांचा उपदेश आता दुपटीनं लांबला. येणारा माणूस जांभया गिळायचा, पण उठायचा नाही.

बाबा एवढे हुरळले त्याला कारण होतं. इतकी वर्षं होऊन वाडीत एकही बाप्तिस्मा झाला नव्हता आणि मिशनचे मुंबईचे साहेब इथलं प्रचाराचं ठाणं बंद करायच्या विचारात होते. ठाणं बंद म्हणजे बाबांच्या सगळ्या उमेदीवर पाणी. आता त्यांच्यातले मोठे पाळकसाहेब स्वतः बघायला येणार होते आणि दाखवायला बाबांजवळ चक्क माणसं होती.

साहेब बोईसरला उतरले आणि वीजकेंद्राच्या बांधकामाला निघालेल्या ट्रकांची धूळ खात वाडीत पोचले. त्या रविवारी ओट्यावर एक म्हातारा तांडेल येऊन बसला होता. आयुष्यभर होडी हाकलेला, वाडीतला मानाचा माणूस. बाबांनी त्याला नवऱ्या मुलासारखं पुढे बसवलं.

"प्रभू येशूबद्दल तुम्हाला काय वाटतं?" साहेबांनी विचारलं.

"चांगला देव हाय," तांडेल म्हणाला.

"मग बाप्तिस्मा कधी घेणार?"

तांडेल गोंधळला. "मी कशाला? माजी आज पाळी हाय. म्होरच्या आयतवारी शेजारच्याची."

"पाळी? कसली पाळी?"

"कुनाच्या घरी देवाचं काय असलं, तर घरटी एक मानूस जातो. वाडीची रीत हाय. पन मास्तरांचा देव दर आठवड्याला असतो. सगल्यांना कसं जमनार? मंग आमी बैठकीत पाळी लावली."

साहेबांनी घसा साफ केला. "कंटाळा नाही येत?"

"येतो तर! पन मास्तर एकटेच बोलत बसतात, बरं दिसत नाय. आमच्यातले नाय म्हनून काय झालं? जरा धीर धरायचा."

आई तोंडाला पदर लावून आत पळाली. मलाही हसू फुटलं होतं, पण बाबांकडे पाहिलं आणि ते विरलं. मला त्यांची इतकी कीव कधी आली नव्हती. साहेबांनी शांतपणे चहा घेतला आणि निघताना सांगितलं, की पावसाळ्याआधी हे ठाणं बंद होईल, तुम्ही पालघरला या.

पुढच्या रविवारी बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ज्याची पाळी होती तो तांडेलाचा शेजारी आला, ओट्यावर बसला. बराच वेळ वाट पाहून त्यानं दारातून डोकावलं.

"मास्तर, आज देव नाय काय?"

"नाही."

"मंग माजी पाळी धरायची, का म्होरल्या आयतवारी परत येऊ?"

बाबा उठून बसले. आता हे भडकणार, असं मला वाटलं. पण त्यांनी विचारलं, "होडी कधी निघते तुमची?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता.

"निघाली ती, मगाशीच."

"मग तुम्ही का नाही गेलात?"

"पाळी होती ना."

बाबांनी पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाले, "धरली तुमची पाळी. जा घरी."

तो हलला नाही. "असा कसा जाऊ? घरात काय सांगू? थोडं तरी वाचा."

बाबांनी चष्मा शोधला, ओट्यावर आले आणि त्याच्यासमोर बसून थोडंच वाचलं.