फळ्यावरचं तिसरं नाव

सक्करदऱ्याच्या चौकात धोंडबाच्या चहाटपरीला लागून एक काळा फळा होता. वीज कचेरीतला कारकून गिरिधर रोज सकाळी पेपर वाचून त्यावर खडूनं मोठ्या बातम्या लिही. फळा मंडळाचा, मंडळ चंपतरावचं. पण अक्षर गिरिधरचं, म्हणून वस्ती त्याला गिरिधरचा फळा म्हणे. एकाहत्तरच्या लढाईत तर लोक हातातला चहा विसरून त्याच्या खडूकडे बघत.

त्या लढाईत वस्तीतली दोन पोरं गेली. दर डिसेंबरात एक दिवस फळ्यावर बातमी नाही. फक्त ती दोन नावं, वर हार, आणि बायका येऊन नावांना कुंकू लावत.

प्रयागबाईचा मुलगा ताराचंद त्याच लढाईतून परतला होता. अंगावर ओरखडा नव्हता. पण दिवाळीत फटाका वाजला की तो खाटेखाली शिरे, रात्र रात्र अंगणात चकरा मारी. कोणी हसलं, कोणी लग्न लावून द्या म्हटलं. डॉक्टरचं नाव कोणी काढलं नाही. येड्याचं घर म्हणवून घ्यायला कोण तयार होतं? चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो तलावात सापडला. त्या दिवशी गिरिधरनं रेल्वेच्या संपाची बातमी लिहिली. असल्या मरणाचं लिहीत नसतात, एवढंच त्याला ठाऊक.

पुढच्या वर्षी, आणीबाणीतल्या डिसेंबरात, तो दोन नावं लिहून हात झटकत होता, तर प्रयागबाई समोर उभी.

"गिरिधर, माह्या ताराचंदचं नाव लेह."

हे लढाईत गेलेल्यांचं आहे काकू, असं त्यानं समजावून पाहिलं. ती हलली नाही.

"मले त्याले शहीद नाही म्हणाचं. लढाईवरून आला अन् त्याले झोप येत नव्हती, एवढं लेह. लोक म्हणतेत, पोरीच्या लफड्यात गेला."

गिरिधर सरकारी माणूस. काय लिहावं, काय नाही, याची तेव्हा कचेरीतही कुजबुज चाले. पण कोणती शहरं घेतली, किती तोफा डागल्या, हे त्यानंच तर हौसेनं लिहिलं होतं. तो आवाज ज्याच्या कानातून निघालाच नाही, त्याच्यासाठी एक ओळ नाही? त्यानं खडू उचलला. ताराचंद. लढाईवरून आला. झोप येत नव्हती.

प्रयागबाईनं लगेच नावाला कुंकू लावलं.

चंपतराव हार घेऊन आला, वाचून थबकला. "काहून लेहलं गा हे? दिवस कसे हायेत, मालूम नाही? अन् हा का लढाईत मेला?"

"लढाईनंच मेला, भाऊ. वेळ लागला."

चंपतरावनं फडकं उचललं खरं. पण ओलं कुंकू, शेजारी आई उभी. त्याचा हात काही फळ्यापर्यंत जाईना. संध्याकाळी तूच पुसजो, म्हणत त्यानं हार तिन्ही नावांवर येईल असा टांगला आणि निघून गेला.

गिरिधर सायकल काढत होता. धोंडबा गिऱ्हाईक टाकून जवळ आला.

"माही बायको बी झोपत नाही गा. दिवाळीपासून बोलत बी नाही. अशाले कोणता डाक्टर पाह्यते?"

गिरिधरला माहीत नव्हतं. कचेरीत विचारून सांगतो, म्हणाला.

"सांगू नोको. संगं चाल."

गिरिधरनं सायकल परत स्टँडवर लावली.